कोऱ्या पट्ट्या

रोशनीच्या छातीत लोखंड बसवलं आहे, असं गावातले लोक म्हणत. लोखंड नाई बाप्पा, दुसरंच काही तरी आहे. डॉक्टरनं नाव सांगतलं होतं, माह्या ध्यानात नाई राह्यलं. पण ते बसवलं नसतं तर पोट्टी तेव्हाच गेली असती. आता लोकांले काय, तोंड आहे तर चालवाचं. मी तिची आत्या, ललिता. शाळेत पोरांची खिचडी शिजवते. माह्यं तोंड फटकळ आहे, हे मले कोणी सांगाची गरज नाई. नवरा गेल्यावर मी भावाकडे, रामाजीकडे आली, तेव्हा रोशनी रांगत होती आणि तिची माय, सीता, काविळीनं गेलेली. तेव्हापासून तिले मीच वाढवलं. म्हणून ही गोष्ट मी सांगीन, आणि माह्या पद्धतीनं सांगीन. कोणाले झोंबली तर झोंबू द्या.

आमचं गाव नागभीडकडचं. चहूकडे धानाचे वावर, मधात तलाव, पलीकडे जंगल. गावाचे दोन भाग. मारुतीच्या देवळाकडचा एक, आणि विहाराकडचा आमचा. कोणी उघड काही म्हणत नाई हो. लग्नात जेवाले बोलावतात, वर्गणी मागतात, मतं तर मागतातच. पण कोणाच्या घरात किती आत जायाचं, हे लहान पोरालेही कोणी न सांगता समजते.

रोशनी गायची. गाणं तिले कोणी शिकवलं नाई. धान रोवण्याच्या दिवसांत बांधावर बसून बायांची गाणी ऐकायची आणि घरी भांडे घासता घासता जशीच्या तशी म्हणायची. शाळेत असतानाच विहारात पहिल्यांदा माइक हाती घेतला, आणि म्हातारे माणसं खाली मान घालून डोळे पुसाले लागले. मंग काय, जयंती असो, कोणाचं लग्न असो, आजूबाजूच्या गावांतून बोलावणं यायचं. ढोलकीवर आमच्याच गल्लीतला राजदीप. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. रोशनी गायाले उभी राह्यली का हा पोट्टा दुकानाचं शटर पाडून हजर. गिऱ्हाईक बोंबलत राहो.

मंग एक वर्ष असं आलं का तिचा दमच पुरेना. एक कडवं म्हटलं का ओठ निळे. लहानपणी तिचे सांधे सुजायचे, ताप यायचा, आम्ही समजलो वाढीचं अंग आहे. तो ताप आतून हृदयाची झडप खाऊन राह्यला होता, हे आम्हाले कोण सांगणार? नागपूरले ऑपरेशन झालं, सरकारी योजनेत झालं. जुनी झडप काढून नवी बसवली. घरी आली तेव्हा शांत बसली का तिच्या छातीतून टिकटिक ऐकू यायची. राजदीप म्हणे, "बरं झालं. आता माह्या ढोलकीची गरज नाई, ताल तू घरूनच घेऊन येतेस." ती खो खो हसली. हसता हसता टाके दुखतात म्हणून त्याले शिव्याही घातल्या.

आवाज परत आला. पहिल्यापेक्षा मोकळा आला. पण त्याच्या बदल्यात एक गोळी जन्माची मागं लागली, रक्त पातळ ठेवाची. घट्ट झालं तर त्या नव्या झडपेवर गाठ धरते, जास्त पातळ झालं तर कुठूनही वाहून जाते. "वरणासारखं आहे, आत्या," ती मले समजावून सांगे. "घट्टही नको अन् पाणीही नको." पालेभाजी जास्त खाल्ली का रक्त घट्ट होते म्हणे. आता सांगा, आमच्याकडे माणूस पालेभाजी नाई खाणार तर काय खाणार?

रक्त कसं आहे ते तपासाले पहिले नागपूरले जावं लागे. तिचा एक दिवस जाई, बापाचा एक दिवस जाई, आणि बसमध्ये हाडं खिळखिळी होत ती वेगळीच. मंग एका संस्थेनं तिले मशीन दिलं. मोबाइलपेक्षा जराक मोठं, घरीच बोट टोचून पाहाचं. त्या दिवशी पोट्टी इतकी खुश झाली जसं काही तिले नोकरीच लागली.

दर रविवारी सकाळी आमच्या ओसरीत हा कार्यक्रम. कोमट पाण्यानं हात धुवाचे, कोरडे पुसाचे, हात थोडा वेळ खाली लोंबकळत ठेवाचा. मशीनमध्ये पट्टी घालाची. पेनासारखी सुई असते, ती बोटाच्या बाजूले लावून खटका दाबाचा. टपोरा थेंब आला का लगेच पट्टीवर. उशीर झाला का पट्टी वाया. मंग मशीनवर वाळूचं घड्याळ दिसे, आणि मी, रामाजी, दारात उभा असलेला राजदीप, सप्पे त्या डबीकडे टक लावून. अडीच ते साडेतीनच्या मधात आकडा आला का ती लगेच मोबाइलवर डॉक्टरले पाठवे आणि गुणगुणत चहा मांडाले जाई. मी म्हटलं, "माय, तुह्या बोटाची चाळणी होऊन राह्यली." ती म्हणे, "आत्या, नागपूरची बस टोचते त्यापेक्षा हे लय बरं."

भानगड होती ती पट्ट्यांची. त्यांले थंड पाहिजे. आणि आमच्याकडचा उन्हाळा काय असते, ते इथी राह्यल्याशिवाय समजत नाई. आमच्या टिनाच्या घरात दुपारी तेलाची बाटली हाती घेतली तर चटका बसते. वस्तीत दोघातिघांकडे फ्रीज होते, पण आमच्या बाजूची लाइन अशी का पंखाही रडत रडत फिरे. इन्व्हर्टरवर चालणारा फ्रीज गावात एकच, गुणवंतरावांच्या घरी.

गुणवंतराव म्हणजे माजी सरपंच. राईस मिल त्यांची, आणि त्या मिलमध्ये रामाजी पोती उचलते. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी ग्रामसभेत उभं राहून सांगतलं, "रोशनी काही एकट्या रामाजीची नाई, ती गावाची लेक आहे. तिचं औषध माह्या घरी राहील." टाळ्या पडल्या. कोणी तरी फोटो काढला. रामाजीनं हात जोडले. मीही जोडले, खोटं काऊन सांगू? त्या दिवशी मले तो माणूस देवासारखाच वाटला.

त्यांची बायको माधवीबाई. वाईट बाई नाई, हे मी पहिलेच सांगून ठेवते. लोणचं घातलं का वाटीभर पाठवणार, रस्त्यात भेटली का "रोशनीची तब्येत कशी" म्हणून विचारणार. पट्ट्यांची डबी तिनं फ्रीजच्या दारात, वरच्या कप्प्यात ठेवली होती. रविवारी सकाळी रोशनी त्यांच्या फाटकाशी जाऊन उभी राही, माधवीबाई डबी आणून देई, रोशनी एक पट्टी काढून घेई आणि डबी परत करे. आत ये, असं माधवीबाईनं कधी म्हटलं नाई, आणि रोशनीनंही कधी फाटकाच्या आत पाय टाकला नाई. कोणाले त्यात काही वाटलंही नाई. सवय असते ना.

असं वर्षभर सुरळीत चाललं.

चैत्र तोंडावर आला. पाडव्याच्या आधीच्या रविवारी आकडा कमी आला, म्हणजे रक्त घट्ट झालेलं. बाजारात चिवळीची पालेभाजी आली होती, आठवडाभर आम्ही तीच खाल्ली होती. डॉक्टरनं फोनवर गोळी वाढवून दिली आणि सांगतलं, "गुरुवारी परत तपास. तरीही कमीच असेल तर इंजेक्शन लागतील, थांबायचं नाही." रोशनी म्हणे, "हो सर." ती कुठी घाबरली होती? तिच्या डोक्यात चौदा एप्रिल घुसलेला. त्या वर्षी तिनं स्वतः गाणं लिहिलं होतं, पहिल्यांदाच. "माह्या मायनं रोवला धान, बाबा, तुमच्या नावानं." जी माय तिले आठवतही नाई, त्या मायचं गाणं. मी ऐकलं आणि चुलीकडे तोंड करून बसली.

गुरुवारी ती फाटकाशी गेली. माधवीबाईनं डबी आणून दिली. रोशनी म्हणे, "काकू, डबी गरम काऊन लागून राह्यली?" माधवीबाई म्हणे, "अव, सकाळपासून लाइन नाई ना." उन्हाळ्यात लाइन जाते, हे काही नवल नाई. इन्व्हर्टर असताना लाइन गेली तर काय बिघडते, हे तिच्या डोक्यात आलं नाई. माणूस सांगते तर आपण मानतो.

घरी येऊन तिनं बोट टोचलं. मशीन आकडाच दाखवेना, एरर म्हणे. तिले वाटलं थेंब लहान पडला. फाटकाशी जाऊन पूर्ण डबीच घेऊन आली, दुसरं बोट टोचलं. परत एरर. तिसऱ्या बोटाले टोचलं तेव्हा मी ओरडली, "बस कर न व माय! रक्त काय नळाले येते काय?" राजदीपनं मशीनचे सेल काढले, पुसले, परत घातले. त्याले मोबाइलचं समजते, ह्या मशीनचं काय समजणार. शेवटी तिनं डॉक्टरले फोन लावला. डॉक्टरनं पहिला प्रश्न हाच विचारला, "पट्ट्या थंडच होत्या ना?" आणि रोशनीनं ठासून सांगतलं, "हो सर, फ्रीजमध्येच होत्या. आज सकाळी जराशी लाइन गेली होती, बस."

तेव्हा डॉक्टर म्हणे, मंग मशीनच बिघडलं असेल, सोमवारी घेऊन ये, तोपर्यंत जवळच्या लॅबमध्ये रक्त दे. पट्ट्या गरमीत होत्या हे त्याले समजलं असतं तर दुसऱ्या दिवशीच्या बसनं नवी डबी आली असती. पहिलेही एकदा त्यानं तशी पाठवली होती, कंडक्टरच्या हाती. पण त्याले तरी काय दोष देऊ? जे सांगतलं त्यावर तो चालला.

नागभीडच्या लॅबवाल्यानं रक्त घेतलं आणि म्हटलं, सॅम्पल नागपूरले जाते, मधात सुट्ट्या आहेत, रिपोर्ट सोमवारी. मी म्हटलं, "रोशनी, चाल, आजच नागपूरले जाऊ." तर म्हणे, "आत्या, रविवारी जयंती आहे. चौदा झाली का सोमवारी पहाटेच्या बसनं जाऊ ना. गोळी तर वाढवलीच आहे." मले राग आला, पण तिचं तोंड पाहून मी हो म्हटलं. वर्षातून एक दिवस असते आमचा.

चौदाले सकाळी विहारासमोर मंडप. सप्पे पांढऱ्या कपड्यांत. वंदना झाली, हार झाले, मंग रोशनी उभी राह्यली. पांढरी साडी, निळा काठ. पहिलं कडवं असं म्हटलं तिनं का मंडपात पंख्याचा आवाजही नकोसा वाटला. मागच्या बाजूले गुणवंतरावही खुर्चीवर बसले होते, पाहुणे म्हणून. दुसऱ्या कडव्यावरून ती परत धृपदावर आली, "माह्या मायनं रोवला धान…" आणि तिथीच थांबली. "धान… धान… धा…" राजदीपले वाटलं, पोट्टी आज रंगात आली, शब्द घोळवून राह्यली. त्यानं ढोलकीचा बोल बदलला, हसून तिच्याकडे पाह्यलं. लोकांनी टाळ्या धरल्या. कोणी तरी "वा" म्हटलं. माणसं टाळ्या वाजवत होती, आणि माह्या पोरीच्या तोंडाची एक बाजू खाली उतरून राह्यली होती.

मंग तिच्या उजव्या हातातून माइक पडला. ती माह्याकडे पाहत होती. तिले समजत होतं. मी ती नजर मेली तरी विसरणार नाई.

कोणाच्या तरी गाडीतून ब्रह्मपुरी, तिथून नागपूर. झडपेवर गाठ धरली, तिचा तुकडा सुटून मेंदूत गेला, असं डॉक्टर म्हणे. जीव वाचला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला, आणि वाचा गेली. आम्ही दवाखान्याच्या जिन्यात बसलो होतो तेव्हा सोमवारी रामाजीच्या मोबाइलवर लॅबचा रिपोर्ट आला. आकडा दीडच्याही खाली. रामाजीनं तो मले दाखवला आणि मोबाइल खिशात ठेवला.

डॉक्टरनं आमचं मशीन घेतलं, स्वतःजवळची नवी पट्टी घातली, आणि मशीननं टकाटक आकडा दाखवला. मशीन ठणठणीत होतं. आमच्या डबीतली पट्टी घातली तर एरर. "या पट्ट्या कित्येक दिवस उन्हाळ्यात बाहेर पडून होत्या," तो म्हणे. मी भांडली त्याच्याशी. म्हटलं, "काही काय सांगता साहेब, फ्रीजमध्ये होत्या, गावच्या सर्वांत भारी फ्रीजमध्ये!"

दोनतीन दिवसांनी गुणवंतराव भेटाले आले. सफरचंदं घेऊन आले. रामाजीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणे, "हिंमत धर. मिलची चिंता करू नको." मी साध्या मनानं विचारलं, "भाऊ, तुमचा फ्रीज मधात बंद पडला होता का?" त्यांले रागच आला. "माहा फ्रीज? इन्व्हर्टर आहे बाई, एक मिनिट बंद पडत नाई." मंग समजावल्यासारखं म्हणे, "तुमची डबी तर माधवीनं पाडव्याच्या आधीच काढून ठेवली होती ना, मागच्या टिनाच्या खोलीत. चैत्रात घट बसतात आमच्याकडे. नऊ दिवस कांदा-लसूणही आत येत नाई. त्यात रक्ताची वस्तू कशी ठेवाची? तुम्ही समजदार लोक आहात."

सकाळ झाली असं सांगावं, तसं सांगतलं. लपवलं नाई, आवाज खाली केला नाई. त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतंच. मले तर त्याचीच चीड येते. मनात वाईट असतं तर निदान डोळे तरी चोरले असते.

मी रामाजीकडे पाह्यलं. तो सफरचंदांच्या पिशवीकडे पाहून राह्यला होता. ते गेल्यावर म्हणे, "जाऊ दे बाई. पोरगी जिवंत आहे." मी म्हटलं, "तू बाप आहे का पोतं आहे त्यांच्या मिलचं?" तो जिन्यात जाऊन बसला. बोलायाले नको होतं तसं, पण तोंडातून निघालं ते निघालं.

गावी आल्या आल्या मी त्या फाटकाशी गेली. फाटक उघडलं आणि अंगणात जाऊन उभी राह्यली. माधवीबाई बाहेर आली, मले अंगणात पाहून दचकली.

"पट्ट्या बाहेर काढल्या होत्या तुम्ही?"

"घट होते ना ललिताबाई. आणि ते रक्ताचं…"

"रक्त कुठी होतं त्याच्यावर? कोऱ्या होत्या त्या! रक्त माह्या पोरीच्या बोटात होतं, तुमच्या फ्रीजमध्ये नव्हतं."

"शेवटी रक्तासाठीच ना ते."

"आणि त्याच फ्रीजमध्ये रविवारचं कोंबडं राहते ते? फागणात तर पातेलंभर होतं, रोशनीनं स्वतः ऐकलं, तुमची सून फाटकात सांगत होती. त्याले रक्त नव्हतं?"

माधवीबाईनं फाटकाकडे पाह्यलं. मंग म्हणे, "ते आमच्या घरचं होतं."

बाप्पा! मले वाटलं आता माह्या हातून काही तरी होईल. मी म्हटलं, "बरं. काढल्या तर काढल्या. मंग लाइन गेली असं काऊन सांगतलं पोरीले? खरं सांगतलं असतं तर नवी डबी मागवली असती."

तिचे डोळे भरून आले, खरोखर भरून आले. म्हणे, "तिले वाईट वाटलं असतं ना. तुमच्या वस्तूचा विटाळ होते, असं लेकराले कसं सांगू तोंडावर?"

म्हणजे पोरीच्या मनाले लागू नये म्हणून. मी तशीच परत फिरली.

रोशनी घरी आली. आता पट्ट्या घरीच राहतात. राजदीपनं दुकान गहाण पडो का विको, कुठून तरी एक लहान फ्रीज आणि बॅटरी आणून बसवली. रविवारी बोट मी टोचते. उजव्या हाताचं टोचते, कारण त्या हाताले तिले काही समजत नाई. पहिल्यांदा टोचलं तेव्हा ती माह्या हाताकडे असं पाहत होती का जसं मी दुसऱ्याच कोणाचं बोट धरलं आहे. रक्त मात्र तसंच येते, लालबुंद. आकडाही आता बरोबर येते. बरोबर आकड्याचं आता काय लोणचं घालू?

समजते तिले सप्पं. टीव्ही पाहते, हसते, राजदीप आला का पदर सारखा करते. पण बोलाले गेली का एकच शब्द निघते, "हो." पाणी पाहिजे? हो. नको? हो. भूक लागली का, हो. तुह्यं नाव कुसुम आहे का, हो. मनात दुसरं असते, तोंडात तेच येते. नागपूरची बाई जी बोलाले शिकवते, ती म्हणे, घाबरू नका, जो शब्द आहे तो वापरत राहू द्या, त्याच्यामागून दुसरे येतील. मी रोज सकाळी तिच्यासमोर बसून "हो" म्हणवून घ्यायची. एकदोनदा "आ" आलं, मले वाटलं आता "आत्या" येईल. मी गल्लीभर साखर वाटली.

मंग एका दुपारी माधवीबाई आली. आमच्या घरी, पहिल्यांदा. हातात खिरीचा डबा. ती येऊन राह्यली हे पाहून मागं चारपाच बायाही आल्या, दोन्ही बाजूच्या. दारात गर्दी. मी खुर्ची दिली. आमच्याकडे आलेल्या माणसाले बसवतात.

माधवीबाई रोशनीच्या खाटेशी बसली, तिचा हात हातात घेतला. तो उजवा. म्हणे, "रोशनी, बेटा, मले झोप लागत नाई. मी जाणून नाई केलं. माह्यावर राग धरू नको. माफ केलं ना काकूले?"

रोशनीनं तिच्याकडे पाह्यलं. मान जोरानं हलवली, इकडून तिकडे, नाई नाई म्हणून. आणि तोंडातून आलं, "हो."

तिचं तिलेच ऐकू आलं. डोळे लाल झाले. परत जोर लावला, गळ्याच्या शिरा फुगल्या. "हो." मंग ओरडली, खाटेवर डावा हात आपटत, "हो! हो! हो!"

माधवीबाई रडाले लागली. "ऐकलं का गं बाया, कशी जीव तोडून सांगून राह्यली." तिनं रोशनीच्या तोंडावरून हात फिरवला. दारातल्या बायांनीही डोळ्यांले पदर लावले. मी ओरडून सांगत होती, "अव, ती नाई म्हणून राह्यली! तिची मान पाहा, मान!" पण रडारडीत कोण कोणाचं ऐकते. एक जण मले म्हणे, "ललिताबाई, पोरीचं मन मोठं आहे, तुम्ही मधात नका पडू."

सप्पे गेल्यावर रोशनीनं डावा हात उचलला आणि स्वतःच्या तोंडावर दाबून धरला. मी काढाले गेली तर आणखी दाबला.

त्या दिवसापासून ती "हो"ही म्हणत नाई. पाणी पाहिजे का विचारलं तर भिंतीकडे पाहते. नागपूरची बाई म्हणे, असं केलं तर उरलेलंही जाईल. मी सकाळी समोर बसते, म्हणते, "माय, एकदा म्हण." ती ओठ मिटून बसते, दात दिसू देत नाई. राजदीप ढोलकी घेऊन आला होता, ती पाठ करून झोपली.

आणि मी फाटकासमोरून गेली का लोक मलेच थांबवतात. म्हणतात, जाऊ द्या ना आता, ललिताबाई. पोरीनं माफ केलं, आमच्या कानानं ऐकलं, तुम्ही काऊन धरून बसल्या?